च्वांग उस्तादांच्या घरची बाळंतीण

आमच्या बोळात च्वांग उस्तादांच्या हातून सुटलेली एकही मान नाही. माणूस हाडवैद्य. चाळीस वर्षं त्यांनी तैवानातल्या ताइनानच्या या बोळात, तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून लचकलेले, मुरगळलेले, आखडलेले आणि नुसतेच आळसावलेले असे सगळे सरळ केले. संध्याकाळी दवाखाना बंद व्हायचा, पण हात बंद होत नसत. शेजारी चहा प्यायला बसलं की बोलता बोलता त्यांचा अंगठा आपल्या खांद्यात घुसलेला असायचा. माझ्या लग्नात त्यांनी नवरदेवाचं अभिनंदन करायला म्हणून जे मनगट धरलं, ते सोडेपर्यंत सूप गार झालं. जाताना मला हळूच म्हणाले, "सू-चिन, डावीकडे थोडं आखडलंय." ते पुढे खरं निघालं, पण तो विषय वेगळा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगठ्यांनीच संप केला. डॉक्टर म्हणाले, सांधे झिजलेत, आता लोकांना दाबणं बंद. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या होत्या. म्हणजे घरात माणूस एकटा आणि त्याचे दोन्ही हात बेकार. बाजारात ते आंबे दाबत हिंडायचे. बोळाच्या तोंडाशी माझं न्याहारीचं दुकान आहे, अंड्याच्या पोळ्या आणि सोयाबीनचं दूध. तिथं बसून ते वाफेवरचा पाव हातात घ्यायचे आणि गप्पांच्या नादात असा चेपायचे की शेवटी त्याचं पुन्हा पीठ व्हायचं.

अशा माणसाच्या घरी यंदा पूर्वजांची थडगी झाडायच्या सणानंतरच्या आठवड्यात साप आला.

साप त्यांच्या मुलीच्या मुलीचा, पेइ-यूचा. पोरीला ओसाकाच्या एका हॉटेलात वर्षभराचं काम लागलं होतं आणि साप बरोबर नेता येत नव्हता. हात-सव्वा हात लांब, नारिंगी अंगावर तांबडे डाग, विष नाही, फुत्कार नाही. नाव रताळ्या. मी काचेच्या पेटीत वाकून पाहिलं तर खरंच, कुणीतरी भाजलेलं रताळं लांब वळून ठेवल्यासारखा.

पेइ-यूनं नियमांचा कागद आजोबांच्या फ्रिजला लावला आणि त्यातले वरचे वाचून दाखवले. मी सोयाबीनच्या दुधाची बाटली द्यायच्या निमित्तानं तिथंच होते.

"आजोबा, पहिले सात दिवस हात लावायचा नाही."

"हात न लावता ओळख कशी व्हायची?"

"इतर लोकांची होते ना."

"माझी कधी झालेली नाही."

"वरून हात घालायचा नाही. वरून येतं ते आपल्याला उचलून न्यायला येतं, एवढंच त्याला ठाऊक. बाजूनं यायचं, हळू. पकडायचं नाही. तो जसा पुढे जाईल तसा खाली एकेक हात देत राहायचं. दहा मिनिटं, बास. जेवला की दोन दिवस तेही नाही."

"एवढे लाड तुझ्या आईचेही केले नव्हते," उस्ताद म्हणाले.

"म्हणून ती थायपेला राहते," पोरगी म्हणाली. आमच्याकडे जिभेचं हे औषध पिढीजात आहे. मग ती जरा थांबून म्हणाली, "आजोबा, नीट ऐका. महिनाभरात तो जेवायला लागला आणि तुमच्या हातावर न घाबरता बसला, तर तो इथं राहील. नाहीतर माझी मैत्रीण हान-निंग येऊन घेऊन जाईल. तिच्याकडे आणखी चार आहेत. यात तुमचा अपमान नाही. घाबरलेला साप उपाशी मरतो."

"मरणार नाही," उस्ताद म्हणाले. पोरगी गेल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "सू-चिन, तुला ऐकू येतंय?"

"काय?"

"काही नाही. पण आत कुणीतरी आहे ना, ते कळतं."

मी चेष्टा करणार होते. नाही केली. वर्षातून एकदा मला असं होतं.

आता मी कबूल करते की पुढचा गोंधळ माझ्यापासून सुरू झाला. मी ही बातमी फक्त एकाच व्यक्तीला सांगितली, श्ये मावशींना. श्ये मावशी म्हणजे आमच्या बोळातलं सगळ्यात मोठं घर, सगळ्यात मोठा आवाज, आणि नातवंडं सात. रोज संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की आम्ही सगळे पिशव्या घेऊन कोपऱ्यावर जमतो. त्या दिवशी गाडी वळायच्या आत मावशींनी पहिलं टोक गाठलं होतं आणि गाडी निघेपर्यंत शेजारच्या दोन बोळांना कळलं होतं की च्वांगकडे साप आलाय.

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही, त्यामुळे कुणी अंडी आणली, कुणी पेरू. कुणीतरी जिवंत बेडूक आणला, तो स्वयंपाकघरातून पळाला तो अजून सापडलेला नाही. आणि आलेल्याला चहा न पाजता, ज्याला बघायला तो आलाय त्याला न दाखवता परत पाठवायचं, हे उस्तादांच्या रक्तात नाही. ते पेटीवरचा पडदा बाजूला करायचे, लपायचा डबा उचलायचे आणि म्हणायचे, "हा बघा, झोपलाय." तो झोपलेला नसायचा. तो वेटोळं घट्ट करून, डोकं मध्ये खुपसून, हे सगळं कधी संपतंय याची वाट बघत असायचा. लोक काचेवर टिचक्या मारायचे. शेजारच्या ल्यूनं घरात कपाटं बसवायला काढली होती, त्याचं भिंतीला भोकं पाडायचं यंत्र दिवसभर घुर्र करायचं. पेटी त्याच भिंतीला.

आठव्या दिवशी उस्तादांनी फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेला उंदीर कोमट करून चिमट्यानं पुढे धरला. रताळ्यानं तोंड फिरवलं. पंधराव्या दिवशी तर चिमट्यालाच टक्कर मारली आणि डब्याखाली गेला.

सोळाव्या दिवशी सकाळी उस्ताद दुकानात आले. पाव मागवला आणि चेपला नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"सू-चिन, एक सांगतो. कुणाला बोलू नकोस."

मला कुणी असं म्हटलं की तेव्हापासूनच पोटात दुखायला लागतं, पण मी हो म्हटलं.

"तिसऱ्या दिवशी मी त्याला तपासला."

"तपासला म्हणजे?"

"पाठीचा कणा. मानेपासून शेपटीपर्यंत. दोनशेपर्यंत मणके मोजले, पुढचे बोटाला लागेनात. आणि त्यात एकही सरळ नाही. म्हटलं, प्रवासात लचकलं असेल."

"आणि?"

"आणि थोडं बसवायला गेलो."

मी हातातला झारा खाली ठेवला. "उस्ताद, तो साप आहे. वाकडं असणं हीच त्याची तब्येत."

"आता कळतंय ते," ते म्हणाले. "दाबताना नुसता ताठ झाला होता. मला वाटलं, बरं वाटतंय. माणसंही सुरुवातीला ताठच होतात."

"मग तुम्ही देवळात जाऊन आलात वाटतं." त्यांच्या बाहीला उदबत्तीचा वास होता.

"भूमिदेवाला विचारलं, माझ्या हातून त्याला इजा झाली का. कौलाचे दोन ठोकळे दोनदा टाकले. दोन्ही वेळा सपाट बाजू वर."

म्हणजे देव हसला होता. हो नाही, नाही नाही, नुसता हसला. मी तरी काय वेगळं करत होते, पण मी तोंड फिरवून केलं.

मग त्यांनी तिथूनच पेइ-यूला फोन लावला. तिचा चेहरा पडद्यावर आला. उस्तादांनी सगळं सांगितलं, मणक्यांसकट.

"आजोबा," ती म्हणाली, "आता त्याला एकच औषध. काही करू नका. त्या खोलीत कुणी नको. आवाज नको, वारा नको, ठोकाठोक नको. पडदा टाका, पेटीची एक बाजू उबदार ठेवा, पाणी बदला आणि निघून या. आजपासून नवा महिना धरते. हा शेवटचा. तिसाव्या दिवशी हान-निंग पिशवी घेऊन येईल. तो तुमच्या हातावर बसतो का ते ती बघेल, तेव्हा कळेलच."

फोन बंद झाला. उस्ताद म्हणाले, "मला जमेल. पण या लोकांना मी काय सांगू? कुणाला दारातून परत पाठवू?"

मागच्या टेबलावर श्ये मावशी कांद्याच्या पातीची पोळी खात बसल्या होत्या, हे सांगायचं राहिलं. त्यांनी बोटं पुसली.

"कुणी भेटायला नको, आवाज नको, वारा नको, महिनाभर," त्या म्हणाल्या. "मग सरळ सांगा ना, तो बाळंतपणाला बसलाय."

"मावशी, तो नर आहे," मी म्हटलं.

"असू दे. माझ्या प्रत्येक बाळंतपणात बाळंतिणीचं सूप माझ्यापेक्षा जास्त आमच्या ह्यांनीच प्यायलंय. मी कधी विचारलं नाही ते नर आहेत का."

मला हसू आवरेना, पण मावशी हसत नव्हत्या. मावशींनी सात नातवंडांची बाळंतपणं काढली आहेत. पहिल्या महिन्यात सुनेच्या खोलीची खिडकी उघडली म्हणून सख्ख्या भावाला घराबाहेर काढलेली बाई ती. त्यांच्या दृष्टीनं गोष्ट आता साफ होती. सापाला त्रास होतो म्हणून जाऊ नका, हे आमच्या बोळातल्या एकालाही पटलं नसतं. बाळंतिणीच्या खोलीत डोकावायचं नाही, हे मात्र कुणाला पटवावं लागत नाही.

त्याच संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीपाशी त्यांनी जाहीर केलं. "च्वांगकडे बाळंतिणीचा महिना चालू आहे. दाराशी उभं राहून हाका मारायच्या नाहीत. मोटारसायकल कोपऱ्यावर बंद करून ढकलत न्यायची. ल्यू, तुझी भोकं बंद."

ल्यू म्हणाला, "मावशी, खिळा ठोकायला बंदी असते ती पोटुशीच्या घरात. बाळंतिणीच्या नाही."

"थोडं इकडचं तिकडे झालं. तू काय बाळंत झालायस?"

ल्यूची कपाटं जमिनीवर राहिली. पोरंसोरं त्या घरासमोरून चपला हातात घेऊन जायला लागली. एका कुरिअरवाल्यानं बेल वाजवली तर समोरच्या तीन खिडक्यांतून एकदम "शूऽऽ" आलं. तो बिचारा खोका ठेवून पाय न वाजवता गेला. आणि बाळंतीण म्हटली की तिळाच्या तेलातलं, भरपूर आल्याचं आणि तांदळाच्या दारूचं कोंबडीचं सूप आलंच. दर एक दिवसाआड कुणीतरी डबा दारात ठेवून पळायचं. साप ते पिणार नव्हता. उस्ताद प्यायले. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या गालांवर जे तेज आलं ते पाहून मावशी म्हणाल्या, "दूध भरपूर येणार."

नव्या महिन्याच्या नवव्या दिवशी उस्ताद दुकानाबाहेर येऊन उभे राहिले आणि काही न बोलता एक बोट वर केलं. रताळ्या जेवला होता. अख्खा उंदीर, एका दमात. मी झारा तव्यावर आपटणार होते, पण तेवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं. आवाज नको.

दोन दिवस त्यांनी हात लावला नाही. हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा घडत होतं, म्हणून मी नोंदवून ठेवते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजूनं, हळू, पेटीत हात घातला. रताळ्यानं डोकं वर केलं, जीभ दोन-तीनदा लपलप केली आणि जणू शेगडीला नाक लागलं तसा मागे सरकला. सरकला तो पेटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काच चढायला लागला. पुढच्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्याही दिवशी तेच.

"माझी आठवण ठेवलीय त्यानं," उस्ताद म्हणाले. "मणके विसरला नाही तो."

मी त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात होते. फ्रिजवरचा कागद पुन्हा वाचावा म्हणून मी जवळ गेले. कागदाच्या खालच्या टोकावर अननसाच्या आकाराचं मोठं चुंबक होतं. ते मी उचललं. खाली नववा नियम होता: हाताला कसलाही उग्र वास नको. साप जिभेनं वास घेतो.

आता उस्तादांच्या हाताचा वास म्हणजे काय, हे आमच्या बोळात आंधळ्यालाही कळतं. कापूर, पुदिना आणि कसल्या कसल्या मुळ्या दारूत घालून मुरवलेला मालिशचा अर्क. चाळीस वर्षं तो त्या हातांत जिरला होता. दवाखाना बंद झाला तरी स्वतःच्या अंगठ्यांना ते रोज दोन वेळा चोळायचे, नाहीतर सांधे रात्रंदिवस ठणकायचे. ते ज्या पेल्यात पाणी प्यायचे त्या पेल्यालाही तो वास होता. आम्हाला सवय झालेली. रताळ्याला कुणी विचारलं होतं?

उस्तादांनी कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग त्यांनी अर्काची बरणी उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

"अंगठे?"

"अंगठ्यांना काय, ते माझेच आहेत. समजून घेतील."

त्यांनी हात तांदळाच्या धुवणानं धुतले, चहाच्या चोथ्यानं घासले, लिंबानं चोळले. रोज सकाळी दुकानात येऊन माझ्या नाकापुढे तळवे धरायचे.

"अजून?"

"अजून."

"आज?"

"आज कापूर गेला, पुदिना आहे."

गिऱ्हाइकंही आपलं नाक देऊ लागली. पण विसाव्या दिवसापासून मला दुसरंही दिसायला लागलं. ते जेवायच्या काड्या बोटांत न धरता मुठीत धरायचे, लहान पोरासारख्या. अंगठे सुजले होते. एकदा मी न बोलता बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली, मनगटानं.

"सू-चिन, दहाच दिवस राहिलेत."

"आणि नाही आला हातावर तर?"

"तर हान-निंगकडे चार आहेत, त्याला सोबत होईल." एवढं बोलून त्यांनी दोन्ही तळव्यांत पेला धरून चहा संपवला. "मला पण सवय होईल पुन्हा."

तिसावा दिवस आला. आमच्याकडे महिना भरला की तेलातला भात वाटतात, म्हणून श्ये मावशींनी पहाटेच वाफाळता भात काढला होता, मशरूम आणि सुकी कोळंबी घालून, वर लाल रंगवलेली अंडी. मी म्हटलं, "मावशी, निकाल लागायचाय अजून." त्या म्हणाल्या, "भात काय निकाल बघून शिजतो?" अख्खा बोळ दाराबाहेर वाट्या घेऊन उभा, आणि कुणाचा आवाज नाही. इतके लोक इतके गप्प मी फक्त अंत्ययात्रेत पाहिलेत, तिथंही मावशी बोलत असतात.

हान-निंग दहा वाजता आली. बारीक, शांत पोरगी, खांद्याला पिशवी. नमस्कार केला, पिशवीतून साप न्यायची रिकामी कापडी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत तिघंच, ती, उस्ताद आणि मी. मी कशाला, असं विचाराल तर नाक म्हणून. शेवटचा तपास माझा होता. तळव्यांना नुसता तांदळाचा वास. मी मान डोलावली.

"आजोबा, घाई करू नका," हान-निंग म्हणाली. "तुम्ही उचलायचं नाही. त्याला वाटलं तर तो येईल."

उस्तादांनी पेटीचं पुढचं दार सरकवलं, बाजूनं हात आत नेला आणि तळवा वर करून तळावर ठेवला. आणि काही केलं नाही.

मी त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखते. जन्मले तेव्हा माझी मान आधी त्यांनीच तपासली असं आई सांगायची. त्यांचा हात कुठंतरी ठेवलाय आणि तो काही करत नाहीये, हे मी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीपलीकडे ल्यू शिंकला आणि त्यानं ती शिंक अर्धीच गिळली.

डब्याखालून नारिंगी नाक आलं. जीभ लपलप. थांबलं. पुन्हा जीभ. मग रताळ्या सावकाश बोटांपर्यंत आला, करंगळी ओलांडली, तळव्यावरून पुढे सरकला आणि सुजलेल्या अंगठ्याला एक वेढा घातला. मग दुसरा. तिथंच थांबला. हनुवटी मनगटावर टेकली.

ओठ न हलवता उस्ताद मला म्हणाले, "सू-चिन."

"काय?"

"हा माझा अंगठा दाबतोय."

"दुखतंय का?"

"नाही. बरोबर जागा सापडलीय त्याला."

हान-निंगनं घड्याळाकडे पाहिलं नाही. उस्तादांनीच पाहिलं. नऊ मिनिटं झाल्यावर त्यांनी हात अलगद खाली टेकवला, रताळ्या एकेक वेढा सोडत डब्याकडे गेला, आणि हान-निंगनं कापडी पिशवीची चौकोनी घडी घालून ती परत खांद्याच्या पिशवीत ठेवली. मग तिनं तेलातला भात दोन वाट्या खाल्ला. ल्यूनं त्याच दुपारी राहिलेली भोकं पाडायला काढली आणि मावशींनी त्याला पुन्हा थांबवलं, आता काय कारण सांगितलं ते मला माहीत नाही.

रताळ्या तिथंच आहे. जेवतो, कात टाकतो, दर दोन दिवसांनी दहा मिनिटं उस्तादांचे अंगठे बघतो. अर्काची बरणी अजून माझ्याकडेच आहे. ते आता गरम पाण्याच्या पिशवीवर भागवतात आणि भागतं म्हणतात.

नुकसान झालं ते माझं. गेल्या महिन्यात तव्यापुढे उभी राहून माझी मान आखडली. मी त्यांच्याकडे गेले, स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि अंगठ्याची वाट बघत राहिले. काहीच होईना. डोळे उघडून पाहिलं तर उस्ताद माझ्या बाजूला बसलेले, तळवा वर करून हात माझ्या खांद्याजवळ धरलेला.

"उस्ताद, काय करताय?"

"घाई नाही," ते म्हणाले. "तुझ्या मानेला वाटलं की ती येईल."